झातार, ओवा आणि एक दुरुस्ती



मागच्या अंकातल्या या सदरात मी लिहिलं होतं, "झातार म्हणजे आपला ओवाच समजा." वाक्य छोटं, सुटसुटीत आणि माझं मलाच फार आवडलेलं. त्यावर तीन प्रतिक्रिया आल्या. डिमोनाच्या एका भगिनींनी फोन केला, "बाई, तुमचं वाचून मी अंगणातल्या झातारचं पान चुरडून पाहिलं. ओव्याचा वास नाही हो येत. गरम डांबराचा येतो!" अश्दोदच्या एका गृहस्थांनी पत्रातून विचारलं, की शूकमध्ये 'मर्वा' म्हणून जो पाला विकतात तो आपला गजऱ्यातला मरवाच ना? तिसरी प्रतिक्रिया माझ्या स्वतःच्या घरातून आली आणि खरं तर तिच्यामुळेच मी आज हा लेख लिहायला बसले आहे. ती शेवटी सांगेन. आधी थोडं रसायन सांगितलं नाही, तर ती नीट कळायची नाही.

ते वाक्य मुळात माझं नव्हेच, माझ्या आईचं. आम्ही १९६९ साली इथे आलो. आईनं ट्रंकेतून ओव्याची एक पुरचुंडी आणली होती, ती सहा महिन्यांत संपली. तेव्हा आतासारखी कोपऱ्या-कोपऱ्यावर भारतीय दुकानं नव्हती. मुंबईहून कुणी येणार असेल तर त्याच्या सामानात पाव किलो ओवा सांगायचा, आणि तो माणूस हमखास विसरायचा. एक दिवस रामलेच्या शूकमध्ये एक अरब म्हातारी हिरव्या पानांच्या जुड्या घेऊन बसली होती. आईनं एक पान तोडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं आणि भर बाजारात मला म्हणाली, "अगो, हा तर ओवा!" त्या संध्याकाळी आमच्याकडे झातारची पानं घालून कांद्याची भजी झाली. तेव्हापासून आमच्या घरात झातारला ओवाच म्हणतात.

आईचं नाक चुकलं नव्हतं, हे मला पंधरा-सोळा वर्षांनी कळलं. मी सुगंधी तेलांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागले, तिथे तुलनेसाठी शुद्ध रसायनांच्या छोट्या बाटल्या ठेवलेल्या असत. पहिल्याच आठवड्यात 'थायमॉल' लिहिलेली बाटली उघडली. आत साखरेसारखे पांढरे खडे. आणि वास? आईचा ओव्याचा डबा! मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले, तेव्हा शेजारच्या रशियन बाईनं विचारलं की बरं वाटत नाही का.

हे थायमॉल म्हणजेच आपल्याकडचं ओव्याचं फूल. ओव्याचे, पुदिन्याचे फूल आणि कापूर समभाग घेऊन बाटलीत घातले की तिन्ही घन पदार्थ एकमेकांना विरघळवतात आणि पाणी न घालता त्याचा द्रव होतो, तीच अमृतधारा. थायमॉल एकटं असलं तर वितळायला जवळजवळ ५० अंश उष्णता लागते. आमच्या कोकणातल्या आज्यांना हा प्रयोग ठाऊक होता, फक्त त्याला रसायनशास्त्र म्हणतात हे माहीत नव्हतं.

थायमॉल हे नाव मात्र ओव्यावरून आलेलं नाही. भूमध्य समुद्राकाठच्या टेकड्यांवर उगवणाऱ्या थाइम या झुडपावरून आलं. कॅस्पर नॉयमन या जर्मन औषधनिर्मात्यानं १७१९ साली थाइमच्या तेलातून हे खडे वेगळे केले. पुढे त्याचा जंतुनाशक म्हणून उपयोग कळला, आतड्यातल्या अंकुश कृमीवर ते औषध म्हणून देऊ लागले, आणि मागणी इतकी वाढली की युरोपला आपला ओवा आठवला. ओव्याच्या दाण्यात वजनाच्या दोन ते चार टक्के तेल आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल. १९१४ पूर्वी हिंदुस्थानातून ओव्याची पोती जर्मनीला जात आणि तिथून थायमॉलच्या बाटल्या जगभर जात. महायुद्ध सुरू झालं, जहाजं बंद झाली आणि थायमॉलचा तुटवडा पडला. मग हिंदुस्थानातच ओवा उकळून अर्क काढण्याची धडपड सुरू झाली. आज बहुतेक थायमॉल कारखान्यात कृत्रिम रीतीनं बनतं. लिस्टरीन या तोंड धुण्याच्या औषधात ते असतं आणि मधमाश्यांच्या पोळ्यातली व्हॅरोआ नावाची गोचीड मारायलाही वापरतात.

तेव्हा झातारमध्ये थायमॉल असतं आणि ओव्यातही असतं, इथवर माझं वाक्य बरोबर. पण डिमोनाच्या भगिनींचं डांबर? त्यांचं नाकही माझ्या आईच्या नाकाइतकंच खरं आहे.

झातारच्या पानावर भिंगातून पाहिलं तर बारीक चमकदार ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. बोटानं चोळलं की त्या फुटतात आणि वास येतो. (ओव्यात तेल दाण्याच्या आतल्या नळ्यांत असतं, म्हणून ओवा तळहातावर रगडूनच घालायचा हे आईचं सांगणं अगदी शास्त्रशुद्ध.) हे तेल काढायची पद्धत सोपी आहे. काचेच्या फुग्यात पानं आणि पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, की पाण्यावर तेलाचा पातळ थर जमतो. क्लेव्हेंजर नावाच्या गृहस्थांनी १९२८ साली यासाठी काचेचं जे उपकरण सांगितलं, जवळपास तसंच आजही सगळीकडे वापरतात. मग त्यातला एक टिपूसही पुष्कळ झाला. तो केसासारख्या बारीक, तीस-तीस मीटर लांब, गुंडाळी करून भट्टीत ठेवलेल्या नळीत सोडायचा. नळीतून वायू वाहत असतो आणि भट्टी हळूहळू तापत जाते. तेलातला प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि यंत्र प्रत्येकाचा एकेक डोंगर काढतं. डोंगर जितका मोठा तितका तो घटक जास्त. एका झातारच्या तेलात असे तीस-चाळीस डोंगर सहज निघतात, बहुतेक टेकड्याच, पण एक हिमालय असतो.

गंमत अशी की काही झातारमध्ये हा हिमालय थायमॉलचा असतो, तर काहींमध्ये कार्व्हाक्रोलचा. दोघांत अणू अगदी सारखे आहेत, कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४, ऑक्सिजनचा १. फक्त ऑक्सिजन कोणत्या जागी चिकटला एवढाच फरक. एकाच घरातली माणसं पंगतीत जागा बदलून बसावीत तसा. पण नाकाला तेवढ्यानंही कळतं. थायमॉलचा वास ओव्याचा, औषधी, थोडा थंड. कार्व्हाक्रोलचा उष्ण, झणझणीत, पिझ्झावरच्या ओरेगानोचा, आणि जास्त झाला तर हो, डांबराचा. डिमोनाच्या बाईंचं झुडूप कार्व्हाक्रोलवालं आहे. आईनं रामलेला घेतलेली जुडी थायमॉलवाली असणार.

आपल्याकडे येझ्रेल खोऱ्यात नेवे याअर इथे शेती-संशोधनाचं केंद्र आहे. तिथल्या एली पुतिएव्हस्की, उझी राविद आणि नंतर नातिव दुदाई यांनी रानातल्या सुगंधी झुडपांवर वर्षानुवर्षं काम केलं. झातारचे, म्हणजे ओरिगॅनम सिरिॲकमचे, हे दोन प्रकार राविद-पुतिएव्हस्की यांनी १९८० च्या दशकातच तेलं तपासून मांडले होते. दोन्ही झुडपं तशीच लव असलेली, तशीच राखी-हिरवी, तशीच पांढऱ्या फुलांची. बघून ओळखता येत नाहीत. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीनं एकच जात, पण तेल दोन तऱ्हांचं.

आता याची उलट बाजू. एकाच झुडपात दोन तेलं, तसं एकच तेल चार झुडपांत. शूकमध्ये 'झातार' म्हणून विकलं जाणारं प्रत्येक पान ओरिगॅनम सिरिॲकमचं नसतं. टेकडीवर गुलाबी डोक्याची कोरनित असते, सॅटुरेजा थिंब्रा असते, लांब कणसासारख्या फुलोऱ्याची थिंब्रा स्पायकाटा असते. अरब शेतकऱ्यांकडे यांना वेगवेगळी टोपणनावं आहेत, पण पाठीमागे झातार हा शब्द येतोच. अलेक्झांडर आणि झेन्या फ्लायशर यांनी १९८८ साली यावर एक निबंध लिहिला. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या तेलातले हेच दोन घटक, थायमॉल आणि कार्व्हाक्रोल. म्हणजे झातार हे झाडाचं नाव कमी आणि वासाचं नाव जास्त. माझ्या आईनं केलं तेच गावोगावच्या बायकांनी हजारो वर्षं केलं. पान चुरडलं, हुंगलं, नाव ठेवलं.

हे झुडूप तसं करतं का, असं कुणी विचारेल. त्याचं सर्वांत सुंदर उत्तर आपल्याकडचं नाही, दक्षिण फ्रान्समधलं आहे. माँपेल्ये शहराच्या उत्तरेला साँ-मार्तँ-द-लाँद्र नावाचं गाव एका बशीसारख्या खोलगट जागेत वसलेलं आहे. तिथे रानथाइम उगवतो आणि त्याचे तेलावरून सहा प्रकार पडतात. थायमॉलचा, कार्व्हाक्रोलचा, आणि चार सौम्य वासाचे, त्यात लिनालूलचा आणि गुलाबासारख्या जिरॅनिऑलचाही आला. बशीच्या काठावर, कोरड्या खडकाळ उतारावर, थायमॉल-कार्व्हाक्रोलवाले. बशीच्या तळाशी सौम्य तेलवाले. मधे थोडंच अंतर! कारण हिवाळ्यात जड थंड हवा तळाशी साचते आणि तिथे कडाक्याचं दहिवर पडतं. थायमॉल-कार्व्हाक्रोलवाल्या रोपांना ती लवकर पडणारी गोठण सोसत नाही, सौम्यवाल्यांना सोसते. पण उन्हाळ्यातला कोरडेपणा आणि पानं खाणारे प्राणी-किडे यांच्याविरुद्ध तिखट तेलवाले वरचढ. म्हणजे प्रत्येकानं आपलं हवामान निवडलं आहे, किंवा हवामानानं त्यांना.

आणि पुढचं तर वाचून मी थक्क झाले. १९७० च्या दशकात कुठल्या जागी कोणता प्रकार आहे याच्या नोंदी केलेल्या होत्या. जॉन थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास चाळीस वर्षांनी त्याच जागी जाऊन पुन्हा तेलं तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की पूर्वी जिथे फक्त सौम्य थाइम होता तिथे आता थायमॉल-कार्व्हाक्रोलवाली रोपं खाली उतरली आहेत. कारण तो जीवघेणा हिवाळा पूर्वीसारखा येत नाही. हवामान बदललं याची नोंद टेकडीच्या वासात झाली! कुणी हे नाकानंच ओळखलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

ऋतूचाही परिणाम होतोच. ग्रीसमधल्या ओरेगानोवर तिथल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं, की भर उन्हाळ्यात फुलावर आलेल्या झुडपात थायमॉल-कार्व्हाक्रोल भरपूर असतं. त्याच जागची शरद ऋतूतली नवी पानं घेतली तर ते घटतं आणि पॅरा-सायमीन नावाचा मवाळ घटक वाढतो. आमच्या वेळी पुस्तकात असं होतं, की झाड आधी गॅमा-टर्पिनीन बनवतं, त्याचं पॅरा-सायमीन होतं आणि त्याचं थायमॉल. मी नव्या मुलींना तसंच शिकवलं. २०२१ साली सिद्ध झालं की पॅरा-सायमीन ही वाटेतली पायरी नाहीच, ती बाजूला पडणारी गळती आहे. त्या मुली आता स्वतः साहेब झाल्या असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर तीही दुरुस्ती करून घ्यावी.

रानातल्या झातारची आणखी एक कथा आहे, ती रसायनाची नाही, पण टाळता येत नाही. १९७७ साली आपल्या सरकारनं रानझातार संरक्षित वनस्पती जाहीर केली आणि ती तोडायला बंदी आली. अती तोड होते हे कारण. ज्या अरब कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या टेकडीवरून झातार आणायची रीत, त्यांना हा कायदा फार लागला. न्याहारीच्या पानासाठी दंड भरायचा ही गोष्ट कुणालाही लागेल. मला त्या रामलेच्या म्हातारीची आठवण येते, ती पुढे कुठून जुड्या आणत असेल? नंतर झातार शेतात लावू लागले, गलिलीत आणि पलीकडे जेनीनच्या बाजूलाही. आता बाजारातला बहुतेक झातार शेतातला. शेतात कोणतं रोप निवडलं त्यावर आता तुमचा वास ठरतो, टेकडीवर नाही.

अश्दोदच्या गृहस्थांच्या मरव्याकडे वळते. नाही हो, तो नव्हे! हिब्रूतला 'मर्वा' म्हणजे सेज, साल्व्हिया. आपला गजऱ्यातला मरवा म्हणजे ओरिगॅनम मेजोराना. तो झातारचा सख्खा चुलतभाऊ, पण त्याच्या तेलात थायमॉल जवळजवळ नसतंच. टर्पिनेन-४-ऑल वगैरे गोड, मऊ घटक असतात, म्हणून तो केसांत माळावासा वाटतो. झातार कुणी माळत नाही. इथल्या रानातला मर्वा, ज्याला अरबीत मरिमिया म्हणतात आणि चहात घालतात, तो साल्व्हिया फ्रुटिकोसा. त्याच्या तेलात मुख्य घटक सिनिओल, म्हणजे निलगिरीच्या तेलात असतो तो, शिवाय कापूर. पण युरोपातला बागेतला सेज, साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, दिसायला तसाच आणि त्यात थुजोन भरपूर असू शकतं. थुजोन जास्त पोटात गेलं तर झटके येतात. चहाच्या कपात एक पान टाकणं वेगळं आणि त्याचं तेल पोटात घेणं वेगळं.

नावाचा असाच गोंधळ 'एजोब'चा. मराठी बायबलात निर्गमात एजोबची जुडी आहे, हिब्रूत एझोव. साद्या गाओननं दहाव्या शतकात त्याचं अरबी भाषांतर झातार असंच केलं. आजही शेकेमजवळचे शोमरोनी लोक पेसाखच्या बळीच्या वेळी झातारचीच जुडी वापरतात. पण इंग्रजी पुस्तकांत एझोवला हिसॉप म्हणतात, आणि हिसॉपस ऑफिसिनॅलिस नावाचं युरोपी झुडूप वेगळंच आहे. ते आपल्याकडे रानात उगवतच नाही. त्याच्या तेलात पिनोकॅम्फोन असतं आणि तेही झटके आणणारं. धर्मग्रंथातलं पवित्र झुडूप म्हणून कुणी हिसॉपच्या तेलाची बाटली घरी आणली, तर ती एझोवची नव्हे, हे ध्यानात असू द्या.

आता घरातली गोष्ट.

माझी नात चार वर्षांची. सर्दी-खोकला झाला होता. सून इथलीच, मोरोक्कोकडच्या घराण्यातली, गुणी मुलगी. माझ्या ओव्याच्या पाण्यावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास. कुणीतरी तिला आरोग्याच्या वस्तूंच्या दुकानातून 'जंगली ओरेगानो'च्या तेलाची लहान बाटली दिली होती. तिनं फोन केला, "सासूबाई, हे झातारचंच तेल ना? मुलीला देऊ का?" मी भजी तळत होते. एका हातात झारा, कानाला फोन. मी म्हणाले, "दे की. झातार म्हणजे ओवाच. थोडंसं दे."

तिनं चमचाभर पाण्यात तीन थेंब टाकले आणि दिले.

पोरगी अशी किंचाळली, की आवाज फोनवरून मला ऐकू आला, कारण सुनेनं अजून फोन ठेवला नव्हता. ओठ लाल, जीभ लाल, लाळ गळते आहे, गिळता येत नाही. कुपत होलीममध्ये नेलं. देवाची कृपा, श्वासनलिकेत काही गेलं नव्हतं. दोन दिवस ती थंड लेबेनशिवाय काही खाईना. सून एकदाही मला बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. वीस वर्षं मी हीच तेलं हातमोजे घालून हाताळली. अंगावर सांडलं तर कातडी भाजते हे नव्या मुलींना मीच सांगत असे. आणि घरात मात्र आईचं वाक्य बोलून मोकळी झाले.

रात्री बसून हिशेब केला, तो तुमच्यापुढे ठेवते. एक थेंब तेल साधारण ४० मिलिग्रॅम. तीन थेंब १२०. बाटलीवर लिहिलं होतं कार्व्हाक्रोल ७० टक्के, म्हणजे ८४ मिलिग्रॅम. आता, कार्व्हाक्रोल पाण्यात विरघळतं किती? लिटरला साधारण सव्वा ग्रॅम. चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर पाण्यात फार तर ६ मिलिग्रॅम मावेल. बाकीचं जवळजवळ सगळं तेल पाण्यावर तसंच तरंगत राहिलं आणि पहिल्यांदा तेच ओठाला आणि जिभेला लागलं, निखळ.

आणि माझं ओव्याचं पाणी? थायमॉलही पाण्यात लिटरला एक ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. मी डब्यातला ओवा कितीही घातला तरी गाळलेल्या चमचाभर पाण्यात पाचेक मिलिग्रॅमपेक्षा फारसं उतरत नाही. पाणीच मोजून देतं. आमच्या आज्यांचा हात मोजका होता असं आपण म्हणतो, पण त्यांचा हात सैल असता तरी पाण्यानं सांभाळून घेतलं असतं. झातारचं पानही तसंच, तेल त्याच्या पिशव्यांत अडकलेलं असतं, सुक्या पानात शंभरात तीन-चार भाग. ते तीन थेंब म्हणजे तीन-चार ग्रॅम सुकी पानं, घरभर आठवडाभर पिटावर भुरभुरावी तेवढी, एका क्षणात एका जिभेवर. बाटलीत पाणीही नाही, पानही नाही. मी जे "ओवाच समजा" म्हटलं ते पानाबद्दल होतं. बाटलीबद्दल ते खोटं आहे, आणि मागच्या अंकात मी तसं लिहिलं नव्हतं.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी बाटली असेल त्यांनी ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. लहान मुलांना यातलं काही पोटात देऊ नये. पातळ केल्याशिवाय अंगालाही लावू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर डॉक्टर आता आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात, ओव्याचं पाणीसुद्धा नाही. मीही आता आग्रह करत नाही. अमृतधारेत कापूर असतो, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, म्हणून तीही कपाटात वर. चुकून तेल तोंडात गेलंच तर उलटी काढू नका, तेल फुप्फुसात जायची भीती असते. तोंडातलं तेल खायच्या तेलात भिजवलेल्या कापसानं पुसा, कारण पाण्यानं ते जात नाही, पसरतं. आणि ताबडतोब डॉक्टरला विचारा. हैफाच्या रामबाम रुग्णालयात विषबाधेची माहिती देणारं केंद्र चोवीस तास फोनवर असतं, त्यांचा नंबर मी आता फ्रिजवर चिकटवला आहे. बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर झाडाचं लॅटिन नाव आणि मुख्य घटक लिहिलेले आहेत का बघा. नुसतं 'झातार' किंवा 'ओरेगानो' लिहिलं असेल तर आत काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं.

डिमोनाच्या भगिनींनी पुन्हा फोनवर विचारलं, "मग ओव्याचा वास हवा असेल तर काय लावू?" त्यांना मी पानओवा लावायला सांगितलं. जाड, लुसलुशीत, लव असलेली पानं, ज्यांची आपण भजी करतो. खरा ओवा धणे-जिऱ्याच्या कुळातला आणि पानओवा तुळस-पुदिन्याच्या, म्हणजे झातारच्या कुळातला, तरी वास ओव्याचा, कारण त्यातही हीच जोडी असते, कार्व्हाक्रोल आणि थायमॉल. कुठल्या रोपात कोणतं जास्त ते पुन्हा रोपावर. माझ्या गॅलरीतलं रोप मला ओव्याचं वाटतं, पण बाईंनी आधी पान चुरडून बघावं आणि मगच न्यावं. डिमोनाची थंडी त्याला मानवणार नाही, डिसेंबर लागला की कुंडी घरात घ्यावी लागेल.

नात आता बरी आहे. परवा आली तेव्हा गॅलरीत गेली, पानओव्याचं पान तिनं स्वतः तोडलं, चुरडलं, हुंगलं आणि हात लांब धरून मला विचारलं, "सावता, हे ते आहे का?" मी म्हटलं, "तेच आहे, पण पानात आहे." तिनं ते खाल्लं नाही. माझ्या पदराला हात पुसून आत पळाली.